बोललेली काठी

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. बोललेली काठी त्याच दिवशी मोडायची, आणि ज्याने वाकवली त्यानेच, स्वतःच्या गुडघ्यावर. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि वर एक माळा. पाटी तेवढी मोठी आहे.

आम्ही डबल बासचे गज करतो. डबल बास म्हणजे ते माणसापेक्षा उंच वाद्य, मागच्या रांगेत उभं राहून वाजवतात ते. लोकांना वाद्य दिसतं, वाजवणारा दिसतो, तारांवर फिरणारा गज कुणाच्या खिजगणतीत नसतो. मला त्याचा राग येतो, पण ते राहू दे. गजाची काठी लाल, जड लाकडाची असते. ती स्पिरिटच्या दिव्यावर चार-चार बोटं तापवायची आणि बाकाच्या कडेला दाबून हळूहळू वाकवायची. लाकूड तापलं की ऐकायला लागतं. आणि एखाद्या वेळी, ऐकता ऐकता, टिक् असा आवाज करतं. नखावर नख आपटल्याएवढा. त्याला आम्ही काठी बोलली म्हणतो. आत कुठेतरी एक धागा तुटलेला असतो. चीर कधी सापडते, कधी सापडत नाही. असा गज दहा वर्षं चालेल किंवा दहा दिवसांत जाईल, ते कुणालाच सांगता येत नाही.

हा नियम बाबांच्या वडिलांनी केला. त्यांनी वाकवलेली एक काठी बोलली होती, पण लाकूड इतकं देखणं होतं की मोडायला त्यांचा हात उचलेना. त्यांनी तोंडातून ब्र न काढता गज पुरा केला आणि धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या काकांना दिला. काका तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि फार जोरात वाजवायचे. एका दुपारी याच खोलीत गजाचं डोकं, म्हणजे केस जिथे अडकवतात ते पुढचं टोक, उडालं. ताणलेल्या केसांनी ते उलटं खेचलं आणि काकांचा उजवा डोळा गेला. बाबा तेव्हा इथेच कानस चालवत बसले होते. लहानपणी काका मला मांडीवर घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या काचेच्या डोळ्याकडे बघायची नाही. दुसरा डोळा हसायचा आणि हा नुसता बघत राहायचा. कितीतरी वर्षं मला त्याची स्वप्नं पडत होती.

एवढं सगळं माहीत असून मी जे केलं ते केलं.

माळ्यावर शेवटची एक काठी उरली होती. तसलं लाकूड आता मिळत नाही. बाबांनी ती भर उमेदीत आणली आणि चाळीस वर्षं कापडात गुंडाळून ठेवली. मोठमोठ्या वादकांनी गळ घातली, पण बाबा बधले नाहीत. मग माझ्या भावाची मुलगी डबल बास शिकायला लागली. घरात तिला चिमणी म्हणतात. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. आता आमच्या दारातून मान वाकवून आत येते, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिला शहराच्या वाद्यवृंदात जागा हवी होती. एक जागा, तीस उमेदवार, निवडीला पाच आठवडे. ते ऐकलं त्याच दिवशी बाबा ऐंशीव्या वर्षी शिडी चढले, मी खाली उभी राहून आरडाओरडा करत असताना, आणि काठी खाली घेऊन आले.

"हा चिमणीचा गज," ते म्हणाले. "एवढा झाला की मी सुटलो."

"सुटून जाणार कुठे? शेजारच्या खोलीत?" मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. बाबांचे कान गेली आठ-दहा वर्षं उतरत गेलेत, बारीक आवाज तर केव्हाच गेले. कानातलं यंत्र स्क्रूंच्या डबीत पडलेलं असतं. ते लावलं की म्हणे जग फार किरकिर करतं.

हातही कापतात, म्हणून काठ्या आता मी वाकवते. बाबा समोर स्टुलावर बसतात आणि माझ्या हातांवरून नजर हलवत नाहीत. त्या दिवशी सकाळी मी मुठीकडून सुरुवात केली आणि जेवायच्या वेळेपर्यंत डोक्याजवळ आले. हाच भाग अवघड. डोकं एका हातात धरायचं आणि त्याच्या मागची चार बोटं जागा दुसऱ्या हाताने दाबायची. लाकूड छान तापलं होतं, मऊ झालं होतं. मी दाबलं, आणि टिक्.

मी काठी तशीच धरून ठेवली, गार होईपर्यंत धरतात तशी.

"बोलली का?" बाबांनी विचारलं. प्रत्येक काठीला ते शेवटी हे विचारतात. त्यांचे कान मीच आहे ना.

मी वर बघितलं. बाबा पुढे झुकले होते, चाळीस वर्षं वाट बघितलेलं काम समोर होतं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. हो म्हटलं तर काठी आत्ताच्या आत्ता मोडायची होती. दुसरी नव्हती. चिमणी सध्याच्या उसन्या, फायबरच्या गजावरच वाजवणार होती, आणि बाबा स्टुलावरून उठून शेजारच्या खोलीत जाणार होते, ते बहुतेक कायमचेच.

"नाही," मी मोठ्याने म्हणाले आणि मानही हलवली.

बाबांनी मान डोलावली आणि हात गुडघ्यावर ठेवले.

ते जेवायला गेले तशी मी दार लावून चीर शोधायला बसले. काठीवर स्पिरिट पुसलं. चीर असेल तर सगळं वाळल्यावर तेवढी रेघ ओली राहते. एकही रेघ राहिली नाही. भिंग लावलं, खिडकीत धरलं, मधोमध दोन बोटांत लटकवून नखाने टकटक केलं. काठी घंटेसारखी वाजली. फक्त डोक्याच्या खालच्या सपाट बाजूवर पटाशीचे ओरखडे होते; ओरखड्यांच्या त्या गर्दीत रेघ कुठे शोधणार? तिथे तर हाडाची पातळ पट्टी चिकटवायचीच होती. मी स्वतःची समजूत घातली की आवाज बाकाचा असेल. नाहीतर माझ्या बोटाच्या सांध्याचा. सांधे आताशा वाजतातच. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो, याला सीमा नाही.

डोकं घडवलं, सरस लावून हाडाची पट्टी घट्ट बांधली, मुठीशी आबनुसाचा ठोकळा आणि केस ताणायचा स्क्रू बसवला, घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस निवडून भरले. शेवटी बाबांनी स्वतः शिक्का मारला. हात कापत होते म्हणून त्यांनी श्वास रोखला आणि एकाच घावात मारला. मी दुसरीकडे बघत होते.

चिमणी आली, गज हातात घेऊन तोलून बघितला. मग वाजवायला लागली. बाबा उठून वाद्याच्या लाकडी पोटावर तळवा ठेवून उभे राहिले, कारण खालचे सूर त्यांना तसे कळतात. चिमणीचे डोळे भरून आले. बाबांचेही. मी मात्र गजाचं डोकं बघत होते. ते पुढे जात होतं, मागे येत होतं, आणि ती प्रत्येक वेळी त्यावर वाकत होती.

भीती म्हणजे काय ते मला त्यानंतरच्या दिवसांत कळलं. चिमणी दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिची खिडकी रस्त्यावर आहे. मी भाजी आणायला मुद्दाम तिकडून जायची. सूर चालू असले की मी रेंगाळायची, आणि मध्येच थांबले की जागीच उभी राहायची. ती पान उलटत असायची. एकदा मी जिन्यावर धावत चढले आणि दार वाजवलं, तर बाईसाहेब पाणी पीत होत्या.

"आत्या, तुझा चेहरा बघ. भूत बघितलंस का?"

"केस बघायला आले. सैल झाले असतील."

मी गज खिडकीत नेला, डोकं नखाने तपासलं. काही नाही. तिसऱ्या वेळी हीच सबब सांगितली तेव्हा चिमणी म्हणाली, "तू केस बघायला येतेस की मला?" मी हसले. हसू आलं कसं कोण जाणे. कितीदा तरी ओठावर आलं होतं की दे तो इकडे, मोडायचाय. पण मग चीर कुठे आहे असं ती विचारणार होती. आणि बाबांना सगळं सांगावं लागणार होतं.

म्हणून मी काय केलं? हार्डवेअरच्या दुकानातून एक चष्मा आणला. बिननंबरी, जाड काचांचा, बाजूनेही झाकलेला, पत्रा कापणारे घालतात तसला.

"केसांना लावतेस त्या राळेची धूळ डोळ्यात जाते," मी तिला सांगितलं. "तालमीला घालत जा."

"मी वाजवायला जातेय की वेल्डिंगला?" ती म्हणाली आणि तो डोक्यावर चढवून घरभर नाचली. पण माझं मन ठेवायला पिशवीत टाकला. ते बघून मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं.

निवडीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारामागे कुणीतरी जीव खाऊन तेच चार सूर घासत होतं. उमेदवारांना हात गरम करायला एकेक लहान खोली दिली होती. मी बाहेर बाकावर बसले. चिमणीने आत शेवटचा भाग घेतला, तो जोराचा. परीक्षक त्यावरच निवडतात असं तिने सांगितलं होतं. मला बाहेरून ऐकू येत होतं की ती रोजच्यापेक्षा जास्त दाबते आहे. गज तारेवर आपटते आहे. आता, मी म्हणत होते. आता जाईल. आता. मला काकांचा तो डोळा समोर दिसत होता, इतका स्पष्ट की बोळातून कुणी समोरून आलं असतं तर मला दिसलं नसतं.

मी दार ढकललं आणि तिच्या मनगटाला धरलं.

"हा गज नको. पेटीत दुसरा आहे तो घे."

"आत्या, दहा मिनिटांत माझं नाव पुकारतील. काय चाललंय तुझं?"

"काठी बोलली होती, चिमणी. वाकवताना. मी नाही म्हणून सांगितलं."

काकांच्या डोळ्याचं तिला माहीत होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे. ती गजाकडे बघत राहिली आणि मग तिने तो हळूच स्वतःपासून लांब धरला, मांजरीने पकडून आणलेली वस्तू धरावी तसा.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे चष्मा आणलास तेव्हा माहीत होतं."

"हो."

"तू मला चष्मा आणून दिलास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोसलं असतं. "आत्या, तू मला चष्मा आणून दिलास."

तिने गजाचा स्क्रू सैल केला, तो पेटीत ठेवला, फायबरचा बाहेर काढला आणि माझ्याकडे पाठ करून राळ लावायला लागली. नाव पुकारलं तशी आत गेली. बंद दारातून मला नीट ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं, तर म्हणाली, "वाजवलं." निकाल आठवड्याने लागणार होता. परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. उतरल्यावर वाटलं होतं ती घरी जाईल, पण वाद्य बाहेरच भिंतीला टेकवून, पेटी हातात घेऊन, ती माझ्या मागोमाग कारखान्यात आली आणि दारातच थांबली.

बाबा दाराकडे पाठ करून बाकाशी बसले होते. आम्ही आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. मी वळसा घालून समोर गेले, ओठ दिसावेत म्हणून.

"कशी वाजवली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ती काठी बोलली होती," मी ओरडून म्हणाले. "मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"ओरडू नकोस. माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"बोलली ते. तुझा अंगठा थांबला होता. आधी अंगठा थांबला, मग तू श्वास ओढलास. कान गेलेत माझे, डोळे शाबूत आहेत."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू काय म्हणतेस ते बघायला." ते बाकावरचा भुसा बोटाने एका जागी गोळा करत होते. "हो म्हणाली असतीस तर मोडावी लागली असती. तू नाही म्हणालीस. आणि मला, कसं सांगू तुला, बरं वाटलं. वाटलं, चला, पाप तिच्या माथी. आपण म्हातारे, आपल्याला कुठे ऐकू येतं."

"ती तुमची नात आहे, बाबा!"

"म्हणूनच तर तिला द्यायचा होता," बाबा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी त्यांच्या खांद्यावरून मागे बघते आहे. ते वळले.

चिमणी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, पेटी बाकावर ठेवली, गज काढून माझ्या हातात दिला. मग पिशवीत हात घालून तो चष्मा काढला.

"घाल," ती मला म्हणाली.

मी घातला. कानाला घट्ट बसत होता.

"मोडायचा आहेच. पण आधी घट्ट कर, मी वाजवताना करते तेवढा. मला बघायचंय."

तिने बाबांना खांद्याला धरून उठवलं आणि पार दाराशी नेऊन उभं केलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि स्क्रू फिरवायला लागले. चिमणी मागून फेरे मोजत होती. आठ. नऊ. केस ताठ झाले. माझी बोटं घामाने स्क्रूवरून घसरत होती, मी पदराला पुसून पुन्हा धरलं. अकरा. बारा.

"बस," ती म्हणाली. "एवढाच."

काही झालं नाही. गज हातात शांत होता, सरळ, देखणा. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलं की वाचलो. तो बाकच वाजला होता. माझा सांधाच. आता हिला सांगता येईल की बघ.

"आता दाब," चिमणी म्हणाली. "तारेवर दाबतात तसा."

मी केस बाकाच्या कडेला टेकवले आणि ती दाबते तसं दाबलं. फार नाही. ती त्या खोलीत दाबत होती त्याच्या निम्म्यानेही नाही. टिक् झालं नाही, फाड्कन आवाज झाला. काठी हातातून उसळली आणि डोकं उलटं फिरून माझ्या गालाजवळून गेलं. वारा लागला मला. ते केसांना लटकून भिंतीवर दोनदा आपटलं आणि थांबलं.

बाबांना तो आवाज ऐकू आला की नाही, मला ठाऊक नाही. मी वळले तेव्हा ते दाराशी खाली बसले होते आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी स्वतःचा उजवा डोळा झाकून घेतला होता.

चिमणीने डोकं केसांतून सोडवून घेतलं आणि उजेडात धरलं. तुटलेली जागा अर्धी ताजी, लाल होती. उरलेली अर्धी पिवळट आणि चकचकीत, कारण तिथे सरस शिरून वाळला होता. म्हणजे मी हाडाची पट्टी चिकटवली तेव्हा चीर तिथे होतीच, ओरखड्यांखाली, जिथे मी शोधली नव्हती. तिने ते मला दाखवलं. मग बाबांच्या समोर बसली, त्यांचा एक हात डोळ्यावरून काढला आणि डोकं त्या तळव्यात ठेवलं.

बाबांनी अंगठा फिरवला. सरसाची जागा लागली तिथे अंगठा थांबला. मी समोर उभी होते, चष्मा अजून डोळ्यांवर होता. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.